खांबावरचा स्विच पडला नव्हता

१

दुपारी आवाज थांबला आणि नर्सबाईंना जाग आली.

रात्रपाळी करून त्या दिवसा झोपत. शेजारच्या मोटरहोमच्या छतावरचा एसी दिवसभर घरघरत असे, आणि त्याबद्दल त्यांनी अशा गाड्या लावायच्या या तळाच्या व्यवस्थापकाकडे तक्रारही केली होती. आता घरघर बंद होती. त्यांनी समाधानाने कूस बदलली आणि पुन्हा झोपी गेल्या.

नंतर केव्हातरी टकटक ऐकू आली. लाकडावर लाकूड आपटावं तशी, सावकाश, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारी. नर्सबाई उठून शेजारच्या गाडीपाशी गेल्या. दाराच्या कडीला एक कापडी पिशवी लटकत होती. दार उघडताच आतली हवा तापल्या तव्यासारखी अंगावर आली. सगळ्या खिडक्या बंद. ओट्यावरचा लहान दिवा शांतपणे जळत होता. पलंगावर गाडीच्या मालकीणबाईंचे यजमान होते. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेलेली, वाचाही अडखळणारी. डाव्या हातातली काठी ते जमिनीवर आपटत होते. त्यांची कातडी कोरडी होती. घाम येणं थांबलं होतं. नर्सबाईंना तेवढं पुरलं.

ओले टॉवेल, आरडाओरडा, व्यवस्थापकाची धावपळ, रुग्णवाहिका. औषधांच्या दुकानातून परतणाऱ्या मालकीणबाई फाटकातच रुग्णवाहिकेला आडव्या आल्या. त्यांनी किल्ली नर्सबाईंच्या हातात दिली आणि नवऱ्याशेजारी चढून बसल्या.

बऱ्याच वेळाने नर्सबाई ओली चादर आवरून, पिशवी आत ठेवून, खिडक्या लावून बाहेर आल्या. त्या कुलपात किल्ली फिरवत होत्या, तेवढ्यात छतावरच्या एसीला एक झटका बसला आणि तो सुरू झाला.

आत कोणीही नव्हतं.

२

मालकीणबाईंना तळावर सगळे भूगोलबाई म्हणत. जन्मभर शाळेत नद्या, वारे आणि पठारं शिकवली. निवृत्तीनंतर ती बघायची ठरवली होती. नवऱ्याला झटका आला तेव्हा लोकांना वाटलं, बेत बारगळला. बाईंनी बेत बदलला नाही, फक्त गाडीत पलंग खाली घेतला आणि दाराशी उतार बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाच्या व्हरांड्यात त्यांच्यासमोर त्यांची नणंद उभी होती. विद्युत निरीक्षक म्हणून नोकरी केलेली बाई. लिफ्ट पडली, यंत्राचा धक्का बसून माणूस गेला, की कारण शोधायला हिला पाठवत. खात्यात तिला टेस्टर म्हणत: जिथे टोचेल तिथे करंट आहे की नाही ते सांगणारच. ही गाडी घेतली त्या दिवशी ती म्हणाली होती, "दादाला पत्र्यात घालून फिरवणार का?" त्यानंतर तिने गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं.

"दादा कसा आहे?"

"शुद्धीवर आहेत. डॉक्टर उद्या सोडतो म्हणालेत. पण घरी. गाडीत नाही."

"आणि तळावरचे?"

"ते म्हणतात, उद्या संध्याकाळपर्यंत गाडी हलवा. गाडीला वीज देणाऱ्या खांबावरचा स्विच पडला नव्हता, म्हणजे वीज गेली नव्हती. म्हणजे एक तर मी एसी बंद करून गेले, नाहीतर मी केलेली दुरुस्ती फसली."

"तू एसी दुरुस्त केलास?"

"मागे कॉम्प्रेसर उठत नव्हता. त्याला सुरुवातीचा झटका देणारा कपॅसिटर फुगला होता. मी बदलला."

"स्वतः?"

"वन्सं, मी मुलांना मान्सून समजावून सांगितलाय. कपॅसिटर काय घेऊन बसलात."

टेस्टर हसली नाही. कोपऱ्यातल्या बाकावर भूगोलबाईंचा मुलगा बसला होता. तो उठून जवळ आला.

"आत्या, तू तरी सांग हिला. फ्लॅट रिकामा आहे, लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे. त्या डब्यात मी पाय ठेवणार नाही म्हणालो होतो, ते उगाच नव्हतं. काल बाबा गेले असते."

"गेले असते," भूगोलबाई म्हणाल्या. "म्हणून कुणामुळे ते मला कळायला हवं. माझ्यामुळे असेल तर उद्या गाडी विकते. माझ्यामुळे नसेल, तर त्या तळावरून मला कोणी हलवून दाखवावं."

टेस्टरने दोघांकडे पाहिलं. "वहिनी, उत्तर तुझ्याविरुद्ध आलं तर मी ते पोटात ठेवणार नाही."

"ठेवू नका. मीही ठेवणार नाही."

"मग किल्ली दे."

३

तिने सुरुवात एसीपासून केली आणि विजेच्या वाटेने उलटी चालत गेली. ही तिची जुनी पद्धत होती. लोक खांबापासून सुरू करतात, कारण तिथे उभं राहणं सोपं असतं.

छतावर चढून झाकण काढलं. कपॅसिटर नवा, तारा घट्ट, जोड स्वच्छ. मीटर लावून तो मोजला. अगदी हवा तेवढाच होता. मोजायला सोडवलेली तार पुन्हा जोडताच कॉम्प्रेसर पहिल्या झटक्यात उठला. भूगोलबाईंची दुरुस्ती तिच्या खात्यातल्या निम्म्या मेस्त्रींपेक्षा नेटकी होती. हे तिला मुळीच आवडलं नाही, पण नोंद मनाशी पक्की झाली.

मग आतली बटणं. एसी जुन्या धाटणीचा, रिमोट नसलेला. छताला एक गोल खटका, तो फिरवायचा आणि सोडायचा. खटका 'थंड' वर होता.

"याला तू हात लावलास का?" तिने विचारलं.

"आल्यापासून नाही." भूगोलबाई दारात उभ्या होत्या.

"नर्सबाईंनी?"

"त्या म्हणतात, त्यांनी फक्त ह्यांना उचललं."

टेस्टर ओट्यापाशी आली. तिथलं विजेवरचं घड्याळ वेळ दाखवायचं सोडून नुसतं उघडझाप करत होतं.

"हे असंच असतं?"

"नाही. वीज जाऊन परत आली की करतं. मग मी वेळ लावते."

"आणि हा दिवा? नर्सबाई म्हणतात, तो जळत होता."

"तो बॅटरीवर. गाडीतले सगळे दिवे बॅटरीवर आहेत. एसी, हे घड्याळ आणि भिंतीतले प्लग तेवढे बाहेरच्या विजेवर."

टेस्टरने घड्याळावर बोट ठेवलं.

"मग वीज गेली होती. दिवा जळत होता म्हणून कुणाला कळलं नाही. खटका तू बंद केलेला नव्हतास. असतास तर रिकाम्या गाडीत एसी आपोआप सुरू झाला नसता. वीज परत आली, खटका 'थंड' वर होता, तो सुरू झाला."

भूगोलबाईंनी दाराची चौकट धरली. "म्हणजे मी नाही."

"म्हणजे वीज गेली, एवढंच. आणि खांबावरचा स्विच पडला नव्हता हेही खरं आहे, मी बघून आले. त्याची पेटी कुलूपबंद आहे." टेस्टरने मीटर पिशवीत टाकलं. "खांबावर वीज होती आणि गाडीत नव्हती. मधल्या जागेत कोणीतरी काहीतरी केलं."

४

तळाच्या व्यवस्थापकाला पाठीमागे फूटपट्टी म्हणत. गाड्यांची चाकं त्याने आखलेल्या रेषेच्या आत असावी लागत. कपडे वाळत घालायची जागा ठरलेली, कुंड्यांची उंची ठरलेली. फाटकापाशी त्याने स्वतः रंगवलेली पाटी होती, आणि तिच्यावरची अक्षरंही एका ओळीत शिस्तीने उभी होती.

"तक्रारी आधीपासून आहेत," तो म्हणाला. "आवाजाची तक्रार लेखी आहे. त्यात बाई स्वतः छतावर चढून एसी उघडतात. या वयात. मी किती समजावलं."

"काल दुपारी इकडे कोण आलं होतं?"

"मालक संध्याकाळी पाहणीला येणार होते. मी सकाळपासून फेऱ्या मारत होतो. बाहेरचं कोणी नाही."

"बाहेरचं नाही म्हणजे आतलं कोणी?"

"कोणी नाही म्हटलं ना."

त्याने टेबलावरची पेन एका रेषेत लावली. टेस्टरने ते पाहिलं.

नर्सबाई चहा घेत पायरीवर बसल्या होत्या. डोळे सुजलेले.

"मी झोपले पुन्हा," त्या म्हणाल्या. "एसी बंद पडला आणि मी देवाचे आभार मानून झोपले. कुणावर संशय घ्यायचा तर माझ्यावर घ्या. तक्रार माझीच होती."

"संशय तुमच्यावर होताच," टेस्टर म्हणाली. "पण एसी बंद करणारी बाई टकटक ऐकून उठत नाही. काठीचा आवाज इतका कसा आला?"

"तिचं रबरी बूच झिजून गेलंय. नवी बुचं पिशवीत होती ना, ती लावलेली असती तर मला ऐकूही आलं नसतं."

"कुठली पिशवी?"

मागून भूगोलबाई म्हणाल्या, "अहो वन्सं, ती दाराला अडकवलेली. तुम्हीच आणलीत ना बुचं? मी तुम्हाला धन्यवाद म्हणायचं विसरले."

टेस्टरने मान हलवली. "मी काल या गावातच नव्हते, वहिनी."

बुचं झिजल्याचं भूगोलबाईंनी दोघांनाच फोनवर सांगितलं होतं. नणंदेला आणि मुलाला. गाडीपर्यंत येऊनसुद्धा दाराच्या आत पाय न ठेवता पिशवी कडीला अडकवून जाणारी माणसंही तीच दोघं होती, आणि त्यातली नणंद काल गावात नव्हती.

"तो मला म्हणाला, व्यवस्थापकांचा फोन आल्यावर घरून थेट इस्पितळात आलो," भूगोलबाई हळू आवाजात म्हणाल्या. "वन्सं, पुढे नका बघू."

"थांबायचं असेल तर आत्ता सांग. मी किल्ली देऊन निघून जाते."

भूगोलबाईंनी एकदा दाराच्या कडीकडे पाहिलं. मग त्यांनी पदर खोचला.

"बघा," त्या म्हणाल्या.

५

गाडीच्या पलीकडच्या बाजूला, दारातून दिसणार नाही अशा ठिकाणी, वायरचं रीळ होतं. फूटपट्टीने भूगोलबाईंना खांबापासून लांबची जागा दिली होती, म्हणून त्यांनी जाड वायरचं मोठं रीळ घेतलं होतं. वायर पूर्ण उलगडून गवतावर ऐसपैस पसरलेली होती, आणि रीळ रिकामं पडलं होतं.

"तू अशीच ठेवतेस?"

"कायम. पुस्तिकेत लिहिलंय, एसी चालवायचा तर रिळावर एक वेढाही ठेवू नका. गुंडाळलेली वायर तापते, उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. ह्यावरून त्या फूटपट्टीशी माझं रोज वाजतं. त्याला वायर जमिनीवर दिसलेली खपत नाही."

टेस्टर खाली बसली. वायरीखालचं गवत हिरवंगार होतं. जरा बाजूला मात्र गवतात एक फिकट पिवळी वाट वळणं घेत गेली होती, पुष्कळ दिवस काहीतरी पडून राहिल्यासारखी. वळणं वायरीचीच होती. वायर तिथे नव्हती.

तिने वायर उचलून सरळ धरली. ती सरळ राहिली नाही. रिळाच्या मापाचे वेढे तिने पुन्हा घेतले. गार असताना गुंडाळलेली वायर असं वळण धरत नाही. रिळावर तापून मऊ झालेली वायर धरते.

मग तिने रीळ उलटं केलं. बुडाशी, पायांच्या मधोमध, बोटाच्या पेराएवढं लाल बटण होतं.

"हे काय आहे माहीत आहे?"

"रीळ फार तापलं की ते बाहेर येतं आणि वीज तोडतं. पुस्तिकेत वाचलंय. माझं कधी आलं नाही."

"खांबावरच्या स्विचला याचा पत्ताही लागत नाही," टेस्टर म्हणाली. "आणि हे आपोआप आत जात नाही. कुणाला तरी दाबावं लागतं."

"म्हणजे त्याने—"

"म्हणजे अजून काही नाही. माझा एक नियम आहे, वहिनी. बिघाड पुन्हा घडवता आला तरच तो सापडला म्हणायचा. उद्या दादाला सोडतील तेव्हा सगळ्यांना इथे बोलव. त्या पोरालाही. आणि दादाला कुठे बसवायचं ते मी सांगते."

६

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन तसंच होतं. गाडीच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, छतावर एसी घरघरत होता. टेस्टरने सगळ्यांदेखत वायर रिळावर गुंडाळली, वेढ्याला वेढा लावून.

"आता कशी सुबक दिसते," ती फूटपट्टीला म्हणाली.

"पाटीवर तेच लिहिलंय," तो म्हणाला. "आणि संध्याकाळपर्यंत गाडी हलवायची आहे, हा तमाशा कशासाठी?"

"बसा. कळेल."

मुलगा उन्हात उभा राहिला. "बाबांना सोडलं ना? कुठे आहेत?"

"आले," टेस्टर म्हणाली आणि गाडीच्या दाराला टेकून बसली.

नर्सबाई आपल्या गाडीत जाऊन पाणी घेऊन आल्या. मुलगा रिळाकडे बघायचा आणि नजर काढून घ्यायचा. रिळाजवळची हवा थरथरायला लागली, तापल्या रबराचा वास सुटला. मग टक असा बारीक आवाज झाला आणि एसी थांबला.

तळावर एकदम शांतता पसरली.

फूटपट्टीने आधी खांबाकडे पाहिलं. पेटीच्या काचेतून स्विच दिसत होता. तो वरच होता.

"पडलेला नाही," टेस्टर म्हणाली. "तुम्ही म्हणालात तसंच. थांबू या आता. त्या दिवशीही कोणी आलं नव्हतं."

"थांबू या म्हणजे?" मुलगा म्हणाला. "आत बाबा आहेत ना?"

तेवढ्यात टकटक ऐकू आली. लाकडावर लाकूड, सावकाश.

मुलगा धावला. दाराकडे नव्हे, गाडीला वळसा घालून रिळाकडे. ते उलटं करून त्याने बुडाशी अंगठा दाबला. बटण आत गेलं आणि पुन्हा बाहेर आलं. त्याने भराभर वेढे सोडायला सुरुवात केली.

"राहत नाही लगेच," तो धापा टाकत म्हणाला. "आधी उलगडून गार होऊ द्यावं लागतं, त्या दिवशीही मी—"

त्याचे हात थांबले.

"दादा नर्सबाईंच्या गाडीत आहे," टेस्टर म्हणाली. "तिथे गार आहे. त्याला पाणी हवं असेल म्हणून काठी वाजवतोय. त्या दिवशीही तू काय?"

७

सगळं सांगायला त्याला फार वेळ लागला नाही. बुचं द्यायला आला होता. फाटकात फूटपट्टीने अडवलं: मालक येताहेत, तुमच्या आई ऐकत नाहीत, तेवढी वायर गुंडाळून टाका. आई दिसली नाही. एसी चालू आहे म्हणजे बाबा झोपले असतील असं वाटलं. त्याने वायर गुंडाळली, पिशवी अडकवली आणि गेला. फोन आल्यावर आधी इथे आला. रीळ हाताला चटका देत होतं. त्याला कळलं. वायर पुन्हा पसरली, ते लाल बटण सापडलं, दाबून पाहिलं.

"मी गुंडाळा म्हटलं," फूटपट्टी म्हणाला. "एसी चालू असताना गुंडाळा असं म्हटलं नव्हतं."

"पाटीवर तसं लिहिलंय?" टेस्टरने विचारलं. "आणि काल मी विचारलं तेव्हा हा आला होता हे तुम्हाला आठवलं नाही. स्विच मात्र नीट आठवला."

त्याने खिशातलं पेन सरळ केलं.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे मी मान्य करते," भूगोलबाई त्याला म्हणाल्या. "वायर तापते हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पण मला ठाऊक होतं आणि मी तुम्हाला रोज सांगत होते. माझी गाडी हलणार नाही. वायर इथेच पसरलेली राहील, दिसेल अशी. तुमच्या मालकांना घेऊन या, त्यांनाही दाखवते."

फूटपट्टी वळला. वाटेत नर्सबाईंनी आपल्या रिळाचा वेढा न् वेढा सोडून वायर त्याच्या पायांपुढे पसरून ठेवली होती. ती ओलांडून तो गेला.

मग भूगोलबाई मुलाकडे वळल्या.

"गुंडाळलीस ते चुकून. ते मी विचारतच नाही. दोन दिवस लोक मला म्हणत होते की मी नवऱ्याला मारायला निघाले. तू समोर बसला होतास."

"आधी घाबरलो," तो म्हणाला. "मग वाटलं, निदान आता तरी तुम्ही घरी याल."

"आम्ही घरीच आहोत."

"आई, मला बाबांची काळजी—"

"आहे. मघाशी पाहिली मी. धावलास." त्यांचा आवाज तेवढ्यापुरता हलला आणि पुन्हा जागेवर आला. "पण तुझ्या काळजीसाठी मी खोटी ठरणार नाही. आणि ह्यांना कुठे राहायचंय ते ह्यांना विचारायची पद्धत आपल्याकडे आहे. बोलायला वेळ लागतो, पण बोलतात."

टेस्टरने वायर पिवळ्या वाटेवर नेमकी पसरली. रीळ गार झाल्यावर बटण दाबलं. एसी सुरू झाला. गाडी पुरेशी थंड झाली तशी नर्सबाई आणि ती दादाला उतारावरून वर घेऊन आल्या, पलंगावर बसवलं. दादाने बहिणीकडे बघितलं, मग ती उभी होती त्या जमिनीकडे.

"आलीस," तो शब्द जुळवत म्हणाला. "पत्र्यात."

"आले," टेस्टर म्हणाली. "तुझ्या बायकोचं वायरिंग बरं आहे."

भूगोलबाई दारात होत्या. मुलगा खाली पायरीशी, हातात आईने आतून आणून दिलेली बुचांची पिशवी.

"आता बाबांना तू सांग," त्या म्हणाल्या. "काय केलंस आणि का गप्प बसलास, दोन्ही."

"आई, मी इथूनच..."

"सांग की. खिडकी उघडते. एसी बंद करते, म्हणजे त्यांना ऐकू येईल."

त्यांचा हात खटक्याकडे गेला.

"नको," मुलगा म्हणाला. "राहू दे चालू."

त्याने पायरीवर बसून बूट काढले.